नव्या पीसीवर जुना स्कॅनर चालेल का विचारलं, तर दुकानदार 'चालेल हो साहेब' म्हणे! चालवून दाखव ना!

माझा पीसी २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-५, आजही लोण्यासारखा चालतो. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ टाकायला बसलो. तपासणीत तीन फुल्या! टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड जपणारी सुरक्षा चिप) नाही, सिक्युअर बूट (सुरू होताना भलतं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) नाही, प्रोसेसर यादीत नाही. अर्धी रात्र बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, घालवली तेव्हा कळलं, टीपीएम आधीपासून होतंच, फक्त बंद होतं. आणि तिथे त्याचं नाव काय, तर पीटीटी! सरळ टीपीएम लिहिलं असतं तर कुणाचा हात मोडला असता? ते आणि सिक्युअर बूट चालू करून दोन फुल्या पुसल्या. तिसरी कशी पुसणार? इंटेलची आठवी पिढी पाहिजे म्हणे. पण सातव्याच पिढीतला आय-७ ७८२०एचक्यू मात्र यादीत आहे. का, तर तो विंडोजवाल्यांच्या स्वतःच्याच सरफेस स्टुडिओ २ या पीसीमध्ये बसवलेला. घरच्यांना पंगतीत पहिली वाढ!

बरं, नवीन घेऊ. पण माझा जुना स्कॅनर चालला पाहिजे. आजोबांच्या वेळचे कागद, फोटो, सगळं त्याच्यावरच स्कॅन करतोय. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्कॅनरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, जुन्या ३२ बिट पद्धतीचा. माझ्या पीसीवर असेंबलवाल्याने ३२ बिटचं विंडोज टाकलं होतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यावर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, ड्रायव्हर चालत नाही, कारण तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाऊन बसतो. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं. दुकानदाराला विचारलं तर मान वर न करता, "चालेल हो साहेब, यूएसबीच आहे ना?" अरे, प्लग बसला म्हणजे सोयरीक जुळली का?

दुसऱ्या दुकानात तर कहर. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप पुढे सरकवला, "बॅटरी बघा साहेब, बॅटरी!" बॅटरी झकास असेल, पण तो एआरएम आहे, म्हणजे इंटेलहून वेगळ्याच जातीचा प्रोसेसर. इंटेलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर तो नक्कल करून चालवतो, पण ड्रायव्हरच्या बाबतीत ती नक्कल चालत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. खोक्यावर 'एआय' सतरा ठिकाणी, आणि हे एका ठिकाणीही नाही! "तुमचा स्कॅनर मला काय माहीत?" असं निदान म्हणायचं तरी. मी घरी गेलो असतो. स्कॅनरच्या कंपनीचं तर काय सांगू. ड्रायव्हर उपलब्ध नाही, आणि त्याच्याच खाली नव्या मॉडेलची जाहिरात.

शेवटी परवा भाचा आला. ६४ बिटच्या लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राइव्ह लावला, त्याच जुन्या पीसीला. स्कॅनर जोडला. वेगळा ड्रायव्हर टाकणं नाही, सीडी नाही, काही नाही. घुर्रर्र करून दिवा सरकला आणि सातबारा स्क्रीनवर!

म्हणजे पीसी ठणठणीत, स्कॅनर ठणठणीत. आणि हिचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून उद्या पुन्हा त्याच दुकानात जायचंय. "चालेल हो" ऐकायला.