15 इंची हॉर्न 0.67 ने गुणून 10 इंची होत नाही

साउंडवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: 15 इंची स्पीकरच्या मिड-बेस हॉर्नचं, म्हणजे स्पीकरपुढे रुंद होत जाणारी वाट असलेल्या बॉक्सचं, ड्रॉइंग घ्या, सगळी मापं 0.67 ने गुणा, 10 इंची स्पीकर बसवा. बेस तसाच, आवाज जरा कमी. आणि असे दोन बॉक्स म्हणजे एक 15 इंची. गणपती तोंडावर आलेत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सुतारांकडे पोरं हेच ड्रॉइंग घेऊन येतायत. पैसे त्यांचे जाणार, म्हणून लिहितोय.

बेस तसाच राहत नाही. प्लाय लहान कापलं म्हणून हवेतली लाट लहान होत नाही; 80 हर्ट्झची लाट 4.3 मीटरचीच राहते. 80 हर्ट्झपासून वर वाजणारा हॉर्न 0.67 वर आणला की 120 पासून वाजतो. ठोका छातीत बसतो तो बराचसा पट्टा तिथेच गेला.

‘स्पीकर छोटा, म्हणून हॉर्न छोटा’ हे तर अगदी उलटं आहे. 80 हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल (ठरावीक अंतराला दुप्पट होत जाणाऱ्या) हॉर्नमध्ये आतल्या वाटेचं क्षेत्रफळ साधारण दर 24 सेंटिमीटरला दुप्पट होतं. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, लहान असला की गळा, म्हणजे स्पीकरकडचं अरुंद टोक, लहान लागतो. गळा निम्मा केला आणि तोंड तेवढंच ठेवलं, तर दुप्पट होण्याचा एक टप्पा वाढला, म्हणजे हॉर्न 24 सेंटिमीटरने लांब झाला!

सुताराची अडचण वेगळीच. 18 मिलिमीटरचं प्लाय 0.67 ने 12 चं व्हायला हवं, पण वापरतात 18 च. कळव्यात असा एक बॉक्स उघडून गळ्याला टेप लावला. ड्रॉइंगप्रमाणे उंची 80 मिलिमीटर, भरली 68. दोन्ही फळ्या सहा-सहा मिलिमीटर आत आलेल्या. 15 टक्के गळा तिथेच गेला.

स्पीकरमागच्या हवेच्या चेंबरचंही तेच. सगळी मापं 0.67 केली की आतली हवा उरते 30 टक्के, पण 10 इंचीचा व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाच्या तोडीची हवा, लिटरमध्ये) त्याच हिशोबाने उतरेल असं कुठे आहे? वरची मर्यादाही स्पीकरच ठरवतो: एफएसची (स्पीकरच्या स्वतःच्या कंपनाचे हर्ट्झ) दुप्पट भागिले क्यूईएस (मोटर त्या कंपनाला किती आवरते त्याचा आकडा; दोन्ही स्पीकरच्या डेटाशीटवर असतात). एफएस 50 आणि क्यूईएस 0.25 असेल तर 400 हर्ट्झ, 60 आणि 0.4 असेल तर 300. त्याच्या वर आवाज उतरत जातो. दोन्ही स्पीकर 10 इंचीच, ड्रॉइंगही एकच.

दोन 10 म्हणजे एक 15? कोनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: दहाचा वर्ग दोनदा 200, पंधराचा 225. शिवाय मोठा कोन बहुधा जास्त हलतो. दोन तोंडं शेजारी लावली तर खालच्या टोकाला मदत होते हे खरं, पण आतली वाट रुंद होण्याचा वेग 120 हर्ट्झचाच राहतो.

120 हर्ट्झपासूनचा आवाज चालणार असेल तर बॉक्स जरूर करा. मात्र क्रॉसओव्हर (सब आणि हॉर्न यांच्यात आवाज वाटून देणारी हद्द) तिथे न्या आणि तुमचा 18 इंची सब, म्हणजे खालच्या बेसचा बॉक्स, तिथपर्यंत स्वच्छ वाजतो का ते आधी ऐका. 80 च हवं असेल तर हातातल्या स्पीकरचे आकडे हॉर्नरेस्प या हॉर्नचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते फुकट आहे. प्लायची शीट त्यानंतर कापा.