आठ ग्रॅमचा शिंपी आणि दोन किलोची लेन्स

वाघाचे फोटो काढणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. वाघ बसतो, लोळतो, जांभया देतो, आपल्याला कंटाळा येईस्तोवर तिथेच असतो. हिंमत असेल तर शिंप्याचा काढून दाखवा. शिंपी म्हणजे तो हिरवट पाठीचा, तांबूस टोपीचा, शेपटी उभी धरून आख्खं रान डोक्यावर घेणारा चिमुकला पक्षी. वजन आठेक ग्रॅम. माझी लेन्स दोन किलोची. म्हणजे अडीचशे शिंपी गळ्यात अडकवून मी एका शिंप्यामागे फिरतोय, हा हिशोब एकदा केला, परत नाही केला.

तर पहाटेपासून झुडपासमोर बसलेलो. आवाज डावीकडून, लेन्स वळवली की उजवीकडून. ६०० एमएमच्या, म्हणजे दुर्बिणीसारखं लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समधून पक्षी शोधणं म्हणजे पुंगळी डोळ्याला लावून घरभर सुई शोधणं. आणि सापडला एकदाचा, बटण दाबलं, तर ऑटोफोकसने मोठ्या आत्मविश्वासाने पुढची काटकी धरली! सेकंदाला २० फोटो, वीसच्या वीस काटकीचे. फोकस घरघरत मागे जाऊन परत येईस्तोवर फांदी नुसती हलतेय, वर कोणी नाही. त्यात झुडपात अंधार, हलता पक्षी पुसट येऊ नये म्हणून शटर सेकंदाच्या १/२००० वेळच उघडं हवं, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० पर्यंत ताणलेली, म्हणजे फोटोभर वाळू.

"अरे मोबाइलवर त्याचा कॉल लाव, धावत येतो," असा सल्ला देणारे असतातच. येतो ना, पण दुसरा नर हद्दीत घुसला समजून, हातातलं काम टाकून भांडायला. एवढ्याशा जिवाला कशाला तो ताप, म्हणून मी गप्प बसून राहिलो. तासाभराने मुंग्या आल्या. पायातही आणि पायावरही.

आणि तेव्हाच तो बाहेर आला. मोकळ्या फांदीवर, छान उजेडात, डोळ्यात चमक, माझ्यापासून चार फुटांवर. माझी लेन्स अडीच मीटरच्या आत फोकसच करत नाही. मग मी बसल्याबसल्या मागे सरकायला लागलो, इंचाइंचाने, श्वास रोखून, आणि तो मान वाकडी करून ही गंमत बघतोय, आणि मागे बाभूळ आहे हे मला बाभळीनेच सांगितलं.

किंचाळताना बोट बटणावरच होतं. ६.३ अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं भोक एवढं उघडं असताना, सहा मीटरवर पुढून मागे जेमतेम चार सेंटीमीटरच फोकसमध्ये राहतात, इथे तर त्याहून कमी, त्यामुळे डोकं गेलं धुक्यात, आणि उडत्या शेपटीचं मात्र पीस न् पीस शार्प आलंय. वॉलपेपर केलंय. बायको म्हणते, गवताचं पातं मस्त आलंय. मी "हो" म्हणालोय.