अपग्रेड करा की ओ, काय होत नाही

तुमचा कॉम्प्युटर नीट चालतोय? बटण दाबलं की चालू होतोय, अर्ज टाइप होतोय, बिल निघतंय, प्रिंटर पण न रुसता कागद ओढतोय? मग वाट कशाची बघताय, अपग्रेड करा की ओ. चांगला गुळगुळीत रस्ता झाला की आठवड्यात तो खणून पाइप घालणारी माणसं आपण, आपल्याला नीट चाललेलं बघवत नाही हे काय लपून राहिलेलं नाही.

मुहूर्त तेवढा नीट काढा. काम नसलेला, निवांत असा दिवस अजिबात धरायचा नाही. उद्या सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार आहे, लग्नपत्रिकेचं प्रूफ द्यायचंय, वर कुणाचं तरी जीएसटीचं बिल राहिलंय, अशी रात्र बघायची, जेवून हात धुतले की साडेनऊला बसायचं. पावसाळा असला तर सोन्याहून पिवळं. बेळगावचा पाऊस सुरू झाला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि 62 टक्क्यावर लाईट गेली की जे काय होतं ते एकदा तरी अनुभवावं. निम्मं जुनं, निम्मं नवीन, दोन्हीतलं एकही उघडत नाही.

आणि बॅकअप घेऊ नका. उगाच कशाला अपशकुन. तसंही तुमच्या डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरं' आणि 'हेच द्यायचं' अशा चार फायली आहेतच, त्याला बॅकअप नाही तर काय म्हणायचं.

आता हे सगळं मी कुठून बोलतोय ते सांगतो. आमचं होम ऑफिस म्हणजे बेळगावच्या वडगावातल्या घराची पुढची खोली. एका बाजूला टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, दुसऱ्या बाजूला आईचा टीव्ही, आणि शेजारच्या घरातून मागाचा खटखट आवाज दिवसभर. काम टायपिंगचं, तीन भाषेत. पत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडात, बिलं इंग्लिशमध्ये. चंदगडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक असलं तर बिलावर राज्याचा कोड 27 आणि परराज्याचा आयजीएसटी, आपल्याच कर्नाटकातल्या खानापूरचं असलं तर 29 आणि सीजीएसटी-एसजीएसटी. दोघंही एकाच बाजारात येऊन एकाच हॉटेलात चहा पिऊन आलेले असतात, खरं बिलात परराज्यातले.

तर दिवाळीला भाचा आला पुण्यासनं. हिंजवडीत असतोय. खुर्चीत बसला, माउस हलवला आणि म्हणाला, "मामा, अजून हेच वापरूलालाय?" घरात पाहुण्यानं फुटका कप दाखवावा तसा आवाज. मग त्यानं समजावलं, आणि त्यात खोटं काय नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं वर्ड-एक्सेलवाल्या ऑफिस 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला, विंडोज 10 चा पण त्याच दिवशी. बंद केला म्हणजे चालायचं थांबलं असं नाही, चालतंय की, फक्त सुरक्षेत नवीन भोकं सापडली तर बुजवायला कुणी येणार नाही. हे एवढं वाक्य तुम्ही डोक्यातनं काढून टाका बघू. नाहीतर 'नेटला न जोडता वापरलं तर चालेल काय' असले प्रश्न पडतील आणि माणूस शहाणा होईल. (आमच्याकडं कुठल्या कंपनीचं होतं ते मी सांगणार नाही. नाव घेतलं म्हणून कुणी येऊन दुरुस्त करून देत नाही.)

ऑफिस नवीन घ्यायचं ठरवलं की विंडोज पण नवीन पाहिजे असं वाटायला लागतं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, 4 जीबी रॅम लागते, 64 जीबी जागा लागते. रॅम, जागा सगळं असतं हो, ती चिप नसते. म्हणजे कॉम्प्युटर नवीन. कॉम्प्युटर नवीन म्हणजे जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, मिळत नाही, म्हणजे प्रिंटर नवीन. नवीन प्रिंटरची शाई वेगळी. एका अर्जाचे दहा रुपये घेणाऱ्या माणसानं असा खर्च बिनधास्त करावा, दहा-दहानं कधीतरी फिटतोच.

लायसन्सची की कुठं आहे हे आधी बघायचं नाही. इन्स्टॉल निम्म्यात आलं की पडद्यावर पंचवीस अक्षरं मागतंय, तेव्हा माळ्यावर चढायचं. आमच्यात जुन्या सीड्या कुंदा मिठाईच्या रिकाम्या डब्यात होत्या. रात्री अकराला मी स्टुलावर, बायको स्टूल धरून, आई खालनं, "आत्ता कुंदा कशाला लागतोय ह्याला?"

झालं एकदाचं इन्स्टॉल. आता मजा.

पहिली मजा बोटांची. तुमच्या डोक्याला काही माहीत नसतं, बोटांना माहीत असतं. प्रिंट कुठं, मार्जिन कुठं, टेबल कुठं, हात आपोआप जातोय. मायक्रोसॉफ्टनं 2007 च्या ऑफिसात जुने मेनू काढून वर ती रिबनची पट्टी आणली, तेव्हा किती टायपिस्ट लोकांचे हात हवेत राहिले असतील बघा. आता त्या पट्टीची सवय झाली म्हणेपर्यंत बटणं आणखी इकडची तिकडं, आणि कोपऱ्यात एक एआयवालं बटण येऊन बसलंय, घरच्या लग्नात कुणाकडनं आलाय ते माहीत नसलेल्या पाहुण्यासारखं, सगळ्यांना विचारत फिरतंय काय मदत करू. करायची तर स्टूल धर म्हणावं.

दुसरी मजा अर्जाची. जुन्या व्हर्जनमध्ये एका पानात ठाकठीक बसवलेला अर्ज नवीन व्हर्जनमध्ये परत पहिल्यापासून टाइप करा. 2007 ला वर्डचा नेहमीचा टाइम्स न्यू रोमन फॉन्ट जाऊन कॅलिब्री आला, 2023 ला कॅलिब्री जाऊन ॲप्टॉस आला, ओळींमधली जागा पण आधीपेक्षा वाढली. त्यामुळं काय होतंय, सगळा अर्ज पहिल्या पानावर आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर एकटाच 'आपला विश्वासू'. ऑफिसातला साहेब पहिलं पान ठेवून घेतो, दुसरं परत देतो. आता कुणाचा विश्वासू कुठं गेला ते शोधत बसा.

तिसरी मजा एक्सेलची आणि ही मला फार आवडते. जुन्या एक्सेलमध्ये 65,536 ओळी होत्या, 2007 पासनं 10,48,576 झाल्या. आमच्या गल्लीच्या भिशीत माणसं वीस. बाकीच्या ओळी मोकळ्या सोडल्यात, पुढं मागं कुणी आलं तर असूदेत. खरं सातबारा लिहून बघा एकदा. चंदगडच्या गिऱ्हाइकाच्या जमिनीची यादी करायची होती, एका खान्यात 7/12 टाइप केलं, एंटर मारलं, आणि तिथं 07-डिसेंबर. नवीन इन्स्टॉलमध्ये तारखेची सेटिंग अमेरिकन राहिली असली तर 12-जुलै. महाराष्ट्रात अख्खी शेती ज्या कागदावर चालतीय त्याची एक्सेलनं तारीख करून टाकली. मग शहाणपणानं तुम्ही त्या खान्याला 'हे टेक्स्ट आहे' म्हणून सांगायला गेलात की तिथं 45998 येतंय. घाबरू नका, एवढी आणेवारी कुणाची नाही, 1900 सालापासनं मोजलेले ते दिवस आहेत, 7 डिसेंबर 2025 पर्यंतचे. आकड्याच्या आधी एक स्वल्पविरामासारखं चिन्ह वर टाकलं की गपगुमान 7/12 राहतंय, खरं ते आधी टाकायचं असतं, आणि आधी सांगणारा माणूस नेहमी नंतरच भेटतो.

आपल्यालाच असं होतंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या यादीत मार्च1, सेप्ट1 असल्या नावाची जनुकं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. शेवटी 2020 साली त्यांनी जनुकांचीच नावं बदलून टाकली. माणसाच्या पेशीत एवढी वर्षं बसलेल्या जनुकाला नाव बदलायला लागलं, तिथं आपण कोण.

नाव बदलण्यात आमचा हात कुणी धरू नये म्हणा. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं एका दिवसात बदलली, बेंगलुरू, मैसुरू, हुब्बळ्ळी, त्यात आमचं पण व्हर्जन आलं, बेळगावी. बोलताना आम्ही अजून जुन्याच व्हर्जनवर आहोत, सपोर्ट नाही, खरं चालतंय. कागदावर बदलायला लागतं. त्यावेळी मी हुशारी केली, सगळी लेटरहेड एका दमात 'रिप्लेस ऑल' केली. तीनशे सत्तावीस ठिकाणी बदललं म्हणून पडद्यावर आलं, मी खूश. महिन्यानं उद्यमबागचा एक कारखानदार दारात. "ओ, माझे मेल बंद का पडलेत?" त्याच्या मेल आयडीत गावाचं नाव होतं, ते पण बदललं होतं. महिनाभर त्याच्या ऑर्डरी अशा एका पत्त्यावर जात होत्या जो जगात कुठंच नव्हता. चहा पाजला त्याला. दुसरा कपही पाजला.

तर 'रिप्लेस ऑल' अवश्य वापरा.

आता पत्रिकेचं सांगतो, सगळं तिथंच येऊन थांबतंय. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. अपग्रेड केलेली ती रात्र, दहाला सकाळी प्रूफ, मी दोन वर्षांपूर्वीची एक चांगली पत्रिका उघडली, नावं बदलून द्यायची म्हणून. वर 'श्री कुलस्वामिनी यल्लम्मा प्रसन्न' असायला पाहिजे होतं. तिथं टोपी घातलेले ई, शेपूट लावलेले सी, मध्येच एक पौंडाचं चिन्ह, परत टोपीवाले ई चार. चिरंजीव म्हणून दोन टिंबं आणि एक तिरका बाण. चि. सौ. कां.चं तर लिहायला नको. पाहुण्यांनी ते वाचून कुठल्या गावाच्या कार्यालयात जावं.

झालं होतं असं की पूर्वीचे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग. फायलीत आत इंग्लिश अक्षरांचे आकडे, वरनं फॉन्ट त्याला 'क', 'ख'चा मुखवटा घालायचा. कन्नडाच्या जुन्या फॉन्टांचं पण तेच. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि खालचा मूळ माणूस दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या एकाच यादीत, देवनागरी 1991 पासनं आहे, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून दोन हजार पत्रिका जुन्या फॉन्टात ठेवल्या होत्या, कारण त्यात अक्षर देखणं येतंय.

मग जुन्याचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापरा, भाचा फोनवर म्हणाला. वापरला. 'विवाह'चं 'वविाह' आलं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, नव्यात नंतर, कन्व्हर्टर मध्येच गोंधळला. 'निमंत्रण'चं 'नमिंत्रण'. 'किरण' नवरदेवाचं 'करिण'. रात्री दीडला मी एकेक वेलांटी उचलून जागेवर ठेवत होतो, पोराचं नाव नीट झालं की सासऱ्याचं बिघडत होतं. हार्डवेअरवाल्याला फोन लावला, झोपेतच म्हणाला, "आत री, नाळे बर्तेनि." नाळे म्हणजे उद्या. आमच्याकडं मराठी असो कन्नड असो, हा उद्या दोन्ही भाषेत सारखाच लांब असतो.

फुकटचं लिबरऑफिस घाला म्हणून पण कुणीतरी सांगेल तुम्हाला. 2010 पासनं आहे, चांगलं आहे, पैसे लागत नाहीत. म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सकाळी साडेआठला पेनड्राइव्ह खिशात घालून निघालो. गावात एका गल्लीत, नाव नको, एका जिन्याखाली एक म्हातारे काका बसतात. टेबलावर जाड काचेचा मॉनिटर, त्यावर विंडोज एक्सपीचं ते हिरवं माळरान. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपलाय, म्हणजे आमच्या गावाचं नाव बदलायच्या पण आधी. नेटची वायर नाही. काकांनी पेनड्राइव्ह शर्टाला पुसला, लावला, फाइल उघडली. यल्लम्मा प्रसन्न. जोतिबा प्रसन्न. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. नावं बदलली, प्रिंट काढली, चाळीस रुपये घेतले.

मी विचारलं, "काका, हे अपग्रेड करत नाही काय?"

"एकदा केलतं," म्हणाले, आणि पुढच्या माणसाचा पेनड्राइव्ह मागितला.

तुम्ही मात्र करा. काय होत नाही. त्या जिन्याचा पत्ता तेवढा मागू नका, सीझनमध्ये आधीच रांग असते तिथं.