वॉर्म-अप म्हणजे ताकदीची उधळपट्टी? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

वजनाचा व्यायाम करण्यापूर्वी वॉर्म-अप, म्हणजे अंग तयार करणारी हलकी हालचाल, करण्याची गरज नाही, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सिंह झेप घेण्यापूर्वी वॉर्म-अप करत नाही, गुजरातच्या उन्हाळ्यात शरीर मुळातच तापलेले असते, स्ट्रेचिंगमुळे ताकद घटते हे विज्ञानानेच दाखवून दिले आहे, हलक्या वजनाचे सेट (सलग आवर्तनांच्या फेऱ्या) करण्यात खऱ्या सेटसाठी लागणारी शक्ती खर्ची पडते, आणि जुने पहिलवान, अगदी बडोद्यात 1200 किलोंचा दगड उचलणारा गामासुद्धा, असले चोचले करत नव्हते. यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि म्हणूनच संदेश वाचताना पटतो; पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष जवळजवळ प्रत्येक ठिकाणी घसरला आहे.

सिंहाचा मुद्दा लवकर निकालात निघण्यासारखा आहे. सिंहाच्या बहुतेक शिकारी फसतात, आणि जायबंदी झालेला सिंह आपल्या दृष्टीस पडत नाही म्हणून तो जायबंदी होतच नाही असे नव्हे. शिवाय गीरमधला कोणताही सिंह खांद्यावर बार घेऊन ठरल्या खोलीपर्यंत बसण्याचे पाच सेट करत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा अधिक विचार करायला लावणारा आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि जिममध्ये पाऊल टाकण्याआधीच सदरा पाठीला चिकटलेला असतो, हे कोणी नाकारणार नाही. परंतु घाम येणे म्हणजे मांडीचा स्नायू कामाला तयार होणे नव्हे. घाम हा शरीराने स्वतःचे तापमान 37 अंशांच्या आसपास राखण्यासाठी केलेला थंड होण्याचा उपाय आहे. विश्रांतीच्या अवस्थेत हातापायांच्या स्नायूंचे तापमान सहसा त्याहूनही थोडे कमी असते आणि ते खऱ्या अर्थाने चढते ते स्नायू स्वतः आकुंचन पावू लागल्यावर, कारण आकुंचनात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडतो. मध्यम जोराची हालचाल सुरू केली की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत हे तापमान झपाट्याने वाढते आणि दहा ते वीस मिनिटांत बहुतेक स्थिरावते. स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले की उडी किंवा वेगवान पळण्यासारख्या जोरकस हालचालींतली कामगिरी साधारण 2 ते 5 टक्क्यांनी सुधारते, असे या विषयावरील अभ्यासांचे एकत्रित वाचन सांगते. आकडा दिसायला किरकोळ आहे, पण 100 किलोंच्या स्क्वॉटपाशी (खांद्यावर बार घेऊन बसणे-उठणे) महिनोन्‌महिने अडकलेल्या माणसाला 2 टक्के म्हणजे काय ते विचारून पाहावे. उन्हाळ्याविषयी एवढे मात्र मान्य केले पाहिजे की कूलर नसलेल्या, पत्र्याच्या छपराखालच्या जिममध्ये मे महिन्यात ट्रेडमिलवर पंधरा मिनिटे घाम गाळण्यात अर्थ नाही. तिथे चार-पाच मिनिटे पुरतात. एसी पूर्ण वेगाने चालू असलेल्या जिममध्ये किंवा जानेवारीतल्या सकाळी सहा वाजता तेवढ्यावर भागणार नाही.

आता स्ट्रेचिंग. संदेशातला हा एकच मुद्दा खऱ्या संशोधनावर उभा आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. एकाच जागी थांबून स्नायू ताणून धरला आणि तो एक मिनिट किंवा त्याहून अधिक काळ तसाच ठेवला, तर त्यानंतर लगेच त्या स्नायूची ताकद काहीशी कमी भरते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ही घट सरासरी साडेचार टक्क्यांच्या घरात होती. पण त्याच आढाव्यात मिनिटाहून कमी वेळ ताणलेल्या स्नायूंतली घट जेमतेम एक टक्का होती, आणि हातपाय फिरवत, पाय पुढे-मागे झुलवत, हालचालीतूनच केलेल्या ताणाने कामगिरी घटण्याऐवजी किंचित सुधारली होती. म्हणजे संशोधन ज्याविषयी सावध करते ती गोष्ट वॉर्म-अपचा एक जुना, आणि खरे तर चुकीच्या जागी बसवलेला, भाग आहे. शाळेच्या कवायतीत वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि सरांची शिट्टी वाजेपर्यंत तसेच उभे राहायचे, अशी सवय आपल्यापैकी बहुतेकांना लागलेली असल्यामुळे वॉर्म-अप म्हणताच डोळ्यांपुढे तेच चित्र येते. ते चित्र बाद करावे. लवचिकता हवी असेल तर लांब ताण व्यायामानंतर किंवा वेगळ्या वेळी द्यावा. त्यावरून संपूर्ण वॉर्म-अपच बाद करणे म्हणजे मीठ जास्त पडले म्हणून स्वयंपाकच बंद करण्यासारखे आहे. वॉर्म-अपवरचे 32 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2010 सालच्या विश्लेषणात, मोजलेल्या कामगिरीच्या निकषांपैकी 79 टक्क्यांत वॉर्म-अपने सुधारणाच आढळली होती. संदेश लिहिणाऱ्याने ही बाजू वगळली आहे.

हलक्या सेटमध्ये शक्ती वाया जाते, हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नवशिक्यांपेक्षा जरा सरावलेल्या मंडळींना अधिक भावतो. त्याचे उत्तर प्रत्यक्ष बारवर प्लेटा चढवूनच देता येईल. समजा, एखाद्याला आज बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणे झोपून छातीवरून बार वर ढकलण्याच्या व्यायामात, 80 किलोंचे पाच-पाच आवर्तनांचे सेट करायचे आहेत. तो आधी 20 किलोंचा नुसता बार घेऊन दहा आवर्तने करतो. मग दोन्ही बाजूंना दहा-दहाची प्लेट लावून 40 किलोंवर पाच. दहाच्या काढून वीस-वीसच्या लावल्या की 60 किलोंवर तीन. त्यावर पाच-पाचची भर घालून 70 किलोंवर फक्त एक किंवा दोन. मग पाचच्या जागी दहाच्या प्लेटा येतात, तो दोन-तीन मिनिटे थांबतो आणि पहिला खरा सेट सुरू होतो. वजन चढत जाते तशी आवर्तने उतरत जातात, हे यातले मर्म आहे. थकवा येण्याइतके काम कुठेच होत नाही, आणि तरीही बार छातीच्या नेमक्या कोणत्या रेषेवर टेकतो, कोपर किती उघडते, पाय जमिनीवर घट्ट आहेत का, हे सगळे चार वेळा तपासून झालेले असते. शक्ती वाया जाते ती 60 किलोंवरही बारा आवर्तने मारणाऱ्याची. आणि तसे करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कारण शेजारच्या बेंचवर कोणी पाहत असताना तिसऱ्या आवर्तनालाच बार ठेवून देणे अनेकांना कमीपणाचे वाटते. म्हणजे आक्षेप घेतला आहे तो वॉर्म-अप चुकीच्या पद्धतीने करण्यावर.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या एका छोट्या अभ्यासात, लेग प्रेसच्या, म्हणजे पायांनी यंत्रावरचे वजन ढकलण्याच्या व्यायामाच्या, आधी केवळ हलके सेट करण्याऐवजी त्यांच्याही आधी वीस मिनिटे सावकाश सायकल चालवल्यावर तेच लोक सुमारे 8 टक्के अधिक वजन ढकलू शकले. त्याच धर्तीच्या पुढच्या अभ्यासात पंधरा मिनिटे हळू सायकल चालवल्यावर आकडा सुधारला. तेवढाच वेळ जरा जोराने चालवल्यावर मात्र तो उलट घसरला. संदेशाच्या बाजूने बोलता येण्यासारखी दुसरी खरी गोष्ट ही आहे : वॉर्म-अपलाच व्यायाम समजून ट्रेडमिलवर धापा टाकेपर्यंत पळणारा माणूस स्क्वॉटच्या रॅकपाशी अर्धा रिकामा होऊन पोहोचतो. आणखी एक कबुली द्यायला हवी. मध्यम वजनावर दम संपेपर्यंत आवर्तने करणाऱ्यांच्या बाबतीत वॉर्म-अपच्या निरनिराळ्या प्रकारांनी आवर्तनांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही, असेही आढळले आहे. त्यामुळे पाच किलोंच्या डंबेलने दंडाचा व्यायाम करणाऱ्याने अर्धा तास तयारीत घालवण्याचे कारण नाही. एक हलका सेट पुरे. वजन जितके जड आणि हालचाल जितकी अनेक सांध्यांची, तितकी पायरी-पायरीची तयारी अधिक.

राहिला गामा. सयाजीबागेतल्या बडोदा संग्रहालयात तो दगड आजही ठेवलेला आहे आणि 1902 च्या डिसेंबरात गामाने तो उचलल्याचे सांगितले जाते. आजच्या जगातला डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहण्याचा, विक्रम 500 किलोंच्या किंचितच पलीकडे आहे, हे लक्षात घेतले तर 1200 किलो आणि उचलणे या दोन्ही शब्दांकडे थोडे सावधपणे पाहावे लागेल. पण तो वाद इथे बाजूला ठेवू. त्या दिवशी गामाने आधी काय केले होते हे संदेश लिहिणाऱ्याला कोठून कळले, एवढाच प्रश्न पुरेसा आहे. गामाची म्हणून जी दिनचर्या सांगितली जाते तिच्यात जोर आणि बैठकांचे आकडे हजारांत आहेत, त्यामुळे थंड अंगाने एकदम जड वजनाला हात घालणारा माणूस म्हणून त्याला पुढे करणे विचित्रच आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या, म्हणजे राजरत्न माणिकरावांच्या आखाड्याच्या शहरात राहून तर हे विधान करूच नये. तालमीत पहिलवान आधी फावड्याने हौद्यातली माती उकरतो, ती सारखी करतो, जोर-बैठका मारतो, आणि कुस्तीही जोडीदाराशी हलकेच खडाखडी करून सुरू होते. त्याला वॉर्म-अप हे नाव कोणी दिले नव्हते; पण आधी सर्व अंगाला काम, मग त्याच हालचालीचे हलके रूप आणि शेवटी पूर्ण जोर, हा क्रम तंतोतंत तोच आहे.

दुखापतीविषयी संदेश गप्प आहे, पण त्याखाली उमटणाऱ्या प्रतिक्रियांमध्ये 'मी कधीच वॉर्म-अप केला नाही, मला काही झाले नाही' असे हटकून कोणीतरी लिहितो. फुटबॉलमध्ये ठरावीक वॉर्म-अपने दुखापती ठळकपणे घटतात याचा पुरावा भक्कम आहे, पण त्या वॉर्म-अपमध्ये तोल, उडी आणि ताकदीचे व्यायामही असतात. वजनाच्या व्यायामाबाबत तितका थेट पुरावा नाही, आणि वॉर्म-अपच्या समर्थकांनीही तो असल्याचा आव आणू नये. हलक्या सेटचा एक उपयोग मात्र संशोधनाशिवायही समजतो. काल रात्री खांदा अवघडला असेल, तर ते 40 किलोंच्या सेटलाच कळते आणि त्या दिवशी बेंच सोडून दुसरे काही करता येते. थेट 80 किलोंखाली झोपणाऱ्याला ते बार छातीपर्यंत आल्यावर कळते आणि तेव्हा उचलायला शेजारी कोणी उभे असेलच असे नाही.