बॉस्टनच्या कॉलेज-भेटी आणि मुक्काम: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

बॉस्टनला कॉलेजं बघायला जाताना मुक्काम कुठे करावा, यावरच्या लेखात मी चार्ल्स नदीपलीकडच्या केंब्रिज शहरात, सबवेच्या रेड लाईनजवळ राहा असं सुचवलं होतं. त्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "तुम्ही केंब्रिजमध्ये रेड लाईनजवळ राहा म्हणता. तिथले भाव बघितलेत का? आम्ही वॉल्थमला हायवेलगत राहिलो. भाडं जवळपास निम्मं, पार्किंग फुकट आणि सगळी कॉलेजं दहा-बारा मैलांत. ब्रँडाइस आणि वेलस्ली तर तुमच्या लेखात औषधालाही नाहीत. हा सल्ला पैसेवाल्यांसाठी आहे." आणि शेवटी: "एप्रिलच्या सुट्टीत धाकट्याला घेऊन पुन्हा जायचंय. आता तरी धड सांगा."

उत्तर लांबलं आहे, म्हणून स्वतंत्रच लिहिते.

आधी ब्रँडाइस-वेलस्लीचं. लेख पुन्हा उघडून पाहिला, ती दोन्ही खरंच नाहीत. चूक माझी. लेकीच्या यादीत ती नव्हती म्हणून माझ्याही डोक्यात आली नाहीत, आणि मथळा मात्र मी 'बॉस्टनची कॉलेजं' असा सरसकट दिला. वेलस्ली आणि त्याच्या शेजारची बॅब्सन, ओलिन यांच्यापर्यंत सबवे पोचतच नाही. वेलस्लीला साउथ स्टेशनहून सुटणारी कम्युटर रेल, म्हणजे उपनगरी रेल्वे जाते, वेलस्ली स्क्वेअरला उतरून चालत जाता येतं. पण दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात, एक चुकली की दिवसाची घडी विस्कटते. या तिघांसाठी कार आणि तुमच्यासारखा हायवेलगतचा मुक्काम हेच बरं. ब्रँडाइसचं जरा वेगळं आहे. कम्युटर रेलच्याच फिचबर्ग लाईनवर ब्रँडाइस/रॉबर्ट्स नावाचं स्टेशन कॅम्पसला लागूनच आहे, आणि ती गाडी पोर्टर स्क्वेअरला थांबते, जिथे रेड लाईनही आहे. म्हणजे केंब्रिजमध्ये राहणाऱ्याला ब्रँडाइस जमतं, फक्त वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवायला हवं. मूळ लेखात ही भर घालते आहे.

आता 'पैसेवाल्यांसाठी'. हे मला लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाच्या वेळी आम्ही अगदी तुम्ही केलंत तेच केलं होतं. बॉस्टनला बाहेरून वळसा घालणाऱ्या 128 नंबरच्या हायवेच्या कडेचं हॉटेल, भाड्याची कार, खोली स्वस्त. पहिल्याच सकाळी दहाची इन्फर्मेशन सेशन होती. नकाशा आदल्या रात्री पंचवीस मिनिटं दाखवत होता, म्हणून हातात भरपूर वेळ ठेवतोय असं समजून पावणेनऊला निघालो. रात्रीची पंचवीस मिनिटं सकाळी नऊला पंचवीस राहत नाहीत, हे तेव्हा कळलं. गाड्यांच्या रांगेत तासभर गेला. पुढे पहिल्या गॅरेजवर 'फुल'ची पाटी, दुसरं सापडेपर्यंत दहा वाजून गेले. आम्ही दार उघडून आत शिरलो तेव्हा वीस मिनिटं झाली होती आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मुलगा एक शब्द बोलला नाही. संपूर्ण टूरभर तो गटाच्या मागे मागे राहिला, आणि रात्री म्हणाला, "मला ते कॉलेज आवडलं की नाही, तेच मला सांगता येत नाही." त्या एका वाक्यासाठी मी तो लेख लिहिला.

तुमचे दहा-बारा मैल खरे आहेत, पण बॉस्टनमध्ये अंतर मैलांत मोजून भागत नाही. नकाशात 'आत्ता निघा' ऐवजी त्या वारी सकाळी साडेआठची वेळ टाकून बघा, आकडा बदललेला दिसेल.

याहून मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते मूळ लेखात मी नीट मांडलं नव्हतं. तिथे शिकायला गेलेल्या मुलाकडे पहिल्या वर्षी बहुधा कार नसणार. तो पायी चालणार, 'टी'ने, म्हणजे तिथल्या सबवेने फिरणार, बसची वाट बघणार. आपण त्याला कारमध्ये बसवून एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये नेलं, तर त्याला दोन तासांची टूर दिसते, चार वर्षांचं राहणं दिसत नाही.

लेकीच्या वेळी आम्ही सेंट्रल स्क्वेअरजवळ राहिलो. रेड लाईनवर एका बाजूला पुढचंच स्टेशन हार्वर्ड, दुसऱ्या बाजूला पुढचंच केंडल/एमआयटी. टफ्ट्सला डेव्हिसपर्यंत जाऊन पंधरा-वीस मिनिटं चाललो. (डिसेंबर 2022 पासून ग्रीन लाईनचं मेडफर्ड/टफ्ट्स स्टेशनही झालंय, पण आम्हाला डेव्हिसची ती गल्ली बघायची होती.) नॉर्थईस्टर्नला मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूने जाणारी 1 नंबरची बस धरली, हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरलो आणि थोडं चाललो.

दुसऱ्या संध्याकाळी टूर वगैरे काहीच नव्हतं. लेक म्हणाली, पुलावरून चालत जाऊ. एमआयटीच्या दारातून निघून चार्ल्स नदी ओलांडणारा हा पूल. नाव हार्वर्ड ब्रिज, उभा मात्र एमआयटीपाशी. फुटपाथवर दर थोड्या अंतराने रंगात आकडे लिहिलेले: 10, 20, 30. आधी तिला वाटलं दुरुस्तीच्या खुणा असतील. मग एका पाटीवर वाचलं. 1958 मध्ये एमआयटीच्या काही मुलांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या आपल्या साथीदाराला, उंची 5 फूट 7 इंच, पुलावर पुन्हा पुन्हा आडवं झोपवून पूल मोजला. लांबी भरली 364.4 स्मूट. तेव्हापासून विद्यार्थी तो रंग ताजा करत आले आहेत. हाच स्मूट पुढे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा, म्हणजे आयएसओचा अध्यक्ष झाला, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती वाऱ्यात केस धरून मोठ्याने हसली. मग आकडे मोजत पलीकडच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. त्या दिवशी सकाळची अधिकृत टूर तिला आज आठवत नाही, पूल आठवतो. हॉटेल वीस मिनिटांच्या चालीवर होतं, म्हणूनच ही संध्याकाळ आमच्या वाट्याला आली. बारा मैलांवर असतं, तर गर्दी टाळायला आम्ही पाचलाच निघालो असतो.

खर्चाबद्दल लपवाछपवी करत नाही. कारचं भाडं आणि शहरातलं पार्किंग वाचलं. विमानतळावरून साउथ स्टेशनला येणारी सिल्व्हर लाईनची बस तर लोगनवर चढताना फुकट आहे, आणि सबवेचं तिकीट 2 डॉलर 40 सेंट. एवढं करूनही आमची केंब्रिजची ट्रिप वॉल्थमवाल्या ट्रिपपेक्षा महागच पडली. आम्ही एक रात्र कमी करून ती खिशात बसवली. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांच्यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं, ही तुमची तक्रार रास्त आहे.

तर मधला रस्ता सांगते. 128 लगतच राहा, पण कार शहरात नेऊ नका. तुमच्या बाजूने रिव्हरसाइड स्टेशन हायवेला अगदी खेटून आहे. तिथे गाडी लावायची आणि ग्रीन लाईनची डी शाखा पकडायची. ती स्वतंत्र रुळांवरून धावते, सिग्नलला अडकत नाही. बॉस्टन कॉलेजसाठी रेझर्व्हॉयरला उतरून चाला, बॉस्टन युनिव्हर्सिटीसाठी केनमोरला. हार्वर्ड, एमआयटी, टफ्ट्स असतील तर रेड लाईनचं टोक असलेल्या एलवाइफला मोठं पार्किंग गॅरेज आहे. रेड लाईनच्या दक्षिण टोकाला क्विन्सी, ब्रेनट्रीकडेही खोल्या सहसा केंब्रिजपेक्षा हलक्या भावात मिळतात. प्रवास लांबतो, पण गाडी न बदलता थेट हार्वर्डला पोचता.

एक मात्र करू नका. शेवटचं स्टेशन बॉस्टन कॉलेज आहे म्हणून ग्रीन लाईनच्या बी शाखेवर मुक्काम ठोकून तिथून रोज इतर कॉलेजं गाठू नका. कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर ती ट्राम रस्त्याच्या मधून, सिग्नलला थांबत जाते. शहराच्या मध्यावरच्या पार्क स्ट्रीट स्टेशनपर्यंत पाऊण तास धरूनच चाला. एकदा मुद्दाम बसा तीत, संध्याकाळी साडेपाचला, विद्यार्थी खचाखच भरलेले असताना. बघण्यासारखं असतं. पण रोज सकाळी नको.

आता तुमचा एप्रिल. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि लेखात ती एका ओळीत उरकल्याबद्दल माफी मागते. एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे पेट्रियट्स डे, आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन. शर्यत हॉपकिंटनहून निघते आणि वेलस्ली कॉलेज, बॉस्टन कॉलेज, केनमोर असं करत कॉप्ली स्क्वेअरपाशी संपते. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यांवरून जाणार तेच रस्ते बंद. कॉप्ली स्टेशनही दिवसभर बंद असतं. मॅसॅच्युसेट्सच्या शाळांची सुट्टीही त्याच आठवड्यात असते. शनिवार ते सोमवार या तीन रात्री शहरातल्या खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात, आणि उरलेल्यांचे भाव बघून तुम्ही मला पुन्हा पैसेवाली म्हणाल.

म्हणून वॉल्थमची खोली या खेपेला राहू द्या, निदान सोमवारपर्यंत. ब्रँडाइस शर्यतीच्या वाटेवर नाही. तिथे त्या दिवशी टूर असेल तर सोमवार तिला द्या, पण सुट्टीचा दिवस आहे, नोंदणीच्या पानावर आधी खात्री करून घ्या. मंगळवारी शहरात या. तोपर्यंत धावपटू परतीला लागलेले असतात आणि खोल्या मोकळ्या व्हायला लागतात. दोनच रात्री रेड लाईनजवळ काढल्यात तरी पुरे, आणि त्यातली एक संध्याकाळ रिकामी ठेवा. रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, कारण टूरच्या तारखा बदलू शकतात.

धाकट्याची यादी इथेच खाली लिहा. कुठलं कॉलेज कुठल्या दिवशी आणि कुठल्या लाईनने, ते मी बसवून देते.