देवाला दूध पाजणारे आणि देवाला जाब विचारणारे

आषाढी जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे संदेश येऊ लागतात. पहिल्या तऱ्हेत कुठल्याशा संशोधनाचा मोघम हवाला देऊन तुळस, गंध आणि एकादशीचा उपवास यांमागे किती 'शास्त्र' दडले आहे हे सांगितलेले असते. दुसऱ्या तऱ्हेत, उन्हापावसात चालत निघालेल्या लाखो लोकांना 'देव असल्याचा एक तरी पुरावा द्या' असे आव्हान दिलेले असते. हे संदेश पाठवणारे एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, पण पुराव्यावाचून श्रद्धेला काही किंमत नाही याबाबत त्यांचे पूर्ण एकमत आहे. मी माळकरी घरात वाढलो, देव आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि तरीही मी पंढरपूरला जातो. म्हणून या दोन्ही बाजूंना माझे म्हणणे एकदा सविस्तर सांगावे असे वाटले.

पुराव्याची ही भूक भाविकाला कुठे नेते, हे आपण 21 सप्टेंबर 1995 रोजी पाहिले. गणेशोत्सव संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते, पितृपक्ष चालू होता, आणि दिल्लीहून बातमी आली की गणपती दूध पितो. दिवस मावळायच्या आत देशभर, आणि थेट लंडनच्या साऊथॉलपर्यंत, देवळांपुढे रांगा लागल्या. काय घडत होते ते जवळून पाहणाऱ्याला कळण्याजोगे होते. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि मग इतका पातळ थर होऊन खाली ओघळते की पांढऱ्या संगमरवरावर तो दिसतच नाही. केंद्राच्या विज्ञान विभागाच्या पथकाने दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ उघडा पडला. या स्पष्टीकरणाने श्रद्धा दुखावल्याची तक्रार तेव्हाही झाली आणि आजही होते. मला ती पटत नाही, कारण त्या रांगेत उभे राहणे हीच मुळात देवाची घेतलेली परीक्षा होती. परीक्षा घ्यायची आणि निकाल तपासू द्यायचा नाही, हे चालणार नाही.

याउलट ज्या परंपरेत मी वाढलो, तिच्यातल्या मोठ्या माणसांनी देवाला चमत्कार मागितल्यापेक्षा जाब विचारलेला अधिक आढळतो. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, घरातली पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, आणि हे सारे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. त्याच तुकोबांनी एका ठिकाणी 'माझे लेखी देव मेला' असे स्वच्छ म्हटले आहे. ज्याच्यासाठी तो असेल त्याच्यासाठी असो, मी यापुढे त्याची गोष्ट काढणार नाही आणि त्याचे नावही घेणार नाही, असा तो अभंग आहे. यामागे नास्तिकता नसून भक्ताचा रुसवा आहे, असे कीर्तनकार सांगतात, आणि ते बरोबरच असावे. पण रुसव्यातसुद्धा हे शब्द उच्चारायला जी मोकळीक लागते, ती मला फार मोलाची वाटते. हा अभंग गाथेतून कोणी वगळला नाही. ज्या गाथेवर आमच्या घरी हळदकुंकू वाहिले जाते, तिच्यातच तो छापलेला आहे.

श्रद्धा आणि ज्ञान एका घरात कशी नांदतात याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मात्र विठ्ठलाच्या पायांचे आहे. पंढरपूरला भाविक थेट मूर्तीच्या पायांवर डोके ठेवतो. तासन्‌तास रांगेत काढून तिथे मिळतात ते दोन-चार क्षण, कपाळाला थंडगार दगड लागतो न लागतो तोच मागचा पुढे लोटला जातो. लाखो कपाळांनी आणि हातांनी दगड झिजतो, म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. 2020 च्या टाळेबंदीत मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी तो केला. देव झिजतो कसा, त्याला रसायन लागते कशाला, असा प्रश्न एकाही वारकऱ्याने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दगड हा दगड आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि समोर विठ्ठल आहे हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी पहिली नाकारावी असे त्याला कधी वाटलेले नाही. त्याच वर्षी मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. नाराजी होती, पुढच्या वर्षी पायी वारीचा हट्ट धरणारेही निघाले, तरी बहुतेकांनी आषाढी घरीच केली. विठ्ठल साथीपासून राखील अशी पैज त्यांनी लावली नाही.

माझे विवेकवादी मित्र इथे मला अडवतात. पुराव्यावाचून एक गोष्ट मान्य केलीस की भोंदू बाबांना दार उघडून दिलेस, असे ते म्हणतात, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याला उत्तर आहे, आणि ते ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झगडले त्या कायद्यातच सापडते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, पाठोपाठ वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. वारी आणि कीर्तन यांवर गदा येणार अशी हाकाटी त्याआधी पुष्कळ झाली होती. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो हात लावत नाही. इतकेच काय, दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्यालाही त्याची हरकत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्या, लुबाडणाऱ्या आणि दहशत घालणाऱ्या माणसाला मात्र तो पकडतो. (कायद्याचा मसुदा इतका बारकाईने विचार करतो आणि त्यावरची चर्चा इतकी ढोबळ होते, हे आपल्याकडे नवे नाही.) इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरली, ही कथा मी आनंदाने ऐकतो आणि तिची शहानिशा करायला नदीवर जात नाही, कारण त्या कथेच्या भरवशावर कोणी माझ्या मुलाची औषधे बंद करत नाही. कोणी ती बंद करायला सांगू लागला, तर मी त्याच्याकडे पुरावा मागेन आणि तो मिळेपर्यंत त्याला उंबऱ्याबाहेर ठेवीन.

देव आहे की नाही हा प्रश्न, खरे सांगायचे तर, मला फारसा छळत नाही. छळतो तो कर्ममेळ्याचा प्रश्न. चोखोबांचा हा मुलगा विठ्ठलाला तोंडावर विचारतो की आम्हाला हीन जातीत घातलेस, आमचा जन्म उष्टे खाण्यात गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, आणि सहा शतके त्यांच्या जातीच्या भक्ताची वाट तिथेच संपत होती. साने गुरुजींनी आधी गावोगाव फिरून लोकमत जागे केले, मग मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, आणि तेव्हा कुठे ते दार उघडले. विठ्ठलानेच गुरुजींच्या रूपाने दार उघडले, असे सांगणारी मंडळी मला भेटतात आणि त्यांचा भाव मी समजू शकतो, पण हे म्हणणे मला मान्य नाही. उघडण्याचे श्रेय देवाच्या पदरात घातले की सहाशे वर्षे ते बंद ठेवणारी माणसे हळूच सुटतात, आणि ती माणसे देव मानणारीच होती, रोज त्याच्या पायांवर डोके ठेवणारी होती, हे वारकरी घरातल्या माणसाने तरी विसरू नये.