पाचशे डॉलर खरे, बाकी सगळी फोडणी

न्यू जर्सीहून बहिणीचा फोन आला. भाचा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनमन आहे, म्हणजे पुढच्या फळीत धडका घेणारा. कॉलेजचे अर्ज भरायच्या ऐन दिवसांत पठ्ठ्याने आईसमोर मोबाइल धरला: ‘बघ, हासुद्धा लाइनमनच होता!’ तोच फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवरही चौथ्यांदा आलाय. त्यात लिहिलंय: ‘पज हेफेलफिंगर या गरीब पोराने कॉलेज सोडलं, 1892 मध्ये एका सामन्याचे 500 डॉलर घेतले, एनएफएलचा पहिला स्टार झाला, खेळून करोडो कमावले. हे सत्य दडवलं गेलं!’

कॉलेज सोडलं? कुठून काढतात हे? हा माणूस 1888 ते 1891 असे चार हंगाम येल विद्यापीठाकडून खेळला. पहिल्याच हंगामात येलने 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. पुढची तिन्ही वर्षं तो ऑल-अमेरिका निवडीत, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत होता. पाचशे डॉलर मिळाले ते या सगळ्यानंतर. येलमधल्या त्या चार वर्षांनीच त्याचा भाव वाढवला होता. नेमकं तेच गाळायचं आणि वर पोरांना सांगायचं, शिकू नका! गरीब म्हणाल, तर मिनियापोलिसच्या खात्यापित्या घरातला.

एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचं तर बोलायलाच नको. ती 1920 मध्ये जन्मली, आणि तेव्हाही नाव वेगळं होतं.

पाचशे डॉलर मात्र खरे. अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन या क्लबचा हिशेबाचा कागदच आहे, कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाने जपलेला: हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख 500. प्रवासखर्च वेगळा. कारखान्यातला कामगार तेव्हा वर्षभर राबून साधारण एवढं कमवायचा. तारीख 12 नोव्हेंबर 1892, समोर पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब. मैदानात याला बघून त्यांनी एवढा गोंधळ घातला, की सगळ्या पैजा रद्द करून सामना नुसता प्रदर्शनाचा ठरवावा लागला. हा गार्ड, म्हणजे लाइनमनच; त्याच्या हाती चेंडू यायची वेळ क्वचितच. या गड्याने तो प्रतिस्पर्ध्याकडून उडवला आणि थेट त्यांच्या गोलरेषेपार नेऊन टचडाउन केला. तेव्हा टचडाउनला 4 गुण, आणि सामना संपला 4-0. पैसे वसूल.

‘दडवलं’ हेही अर्धं खरं, मान्य करतो. हौशी खेळाचे नियम कडक, म्हणून व्यवहार गुपचूप झाला. कागद उजेडात येईपर्यंत पहिला व्यावसायिक म्हणून मान होता लॅट्रोबच्या जॉन ब्रॅलियरला, 1895 मध्ये 10 डॉलर घेतल्याबद्दल.

आणि करोडो? कागदावर एकाच सामन्याची नोंद आहे. 1893 मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रशिक्षक होता, मग लीहाय, मग मिनेसोटा.

भाच्याला हे सगळं पाठवलं. उत्तर आलं, ‘मामा, पण पाचशे खरे ना?’ खरे रे बाबा. आता तो येलचा अर्ज भर आधी.